पद्मिनी आणि पाल

नावे ठेवणे हा आपल्या लोकांचा वडिलोपार्जित छंद आहे. सुनेला सासूने, शेजाऱ्याला शेजाऱ्याने आणि प्राध्यापकाला विद्यार्थ्यांनी नावे ठेवावीत यात नवल नाही. पण वादळांनाही नावे ठेवणारी एक मंडळी आहे आणि ती हे काम मोठ्या गांभीर्याने करते. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात उठणाऱ्या चक्रीवादळांसाठी आजूबाजूच्या तेरा देशांनी नावांची यादीच करून ठेवली आहे. वादळ उठले, की यादीतले पुढचे नाव त्याला चिकटवायचे. २०२१ च्या मे महिन्यात लक्षद्वीपच्या बाजूला जे वादळ उठले, त्याच्या वाट्याला म्यानमारने सुचवलेले 'तौक्ते' हे नाव आले. बारसे झाले १४ मे रोजी, नेमके अक्षय तृतीयेला. त्या शब्दाचा अर्थ म्हणे पाल. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला याहून सोयीचे नाव मिळणे कठीण! बातमी ऐकताच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, असे मी म्हटले तर तो अलंकार नव्हे, निव्वळ वस्तुस्थिती आहे.

शंका होती ती आमच्या गाडीविषयी.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंदांच्या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० बांधायला घेतली आणि पुढे तिला हे चितोडच्या राणीचे नाव दिले. आमच्या जुन्या शास्त्रकारांनी स्त्रियांचे जे चार प्रकार सांगितले, त्यांतही पद्मिनी पहिली. त्या हिशेबाने अँबॅसडरला हस्तिनी म्हणावे लागेल, आणि ज्याने ती एकदा ढकलली आहे तो माझ्याशी वाद घालणार नाही. मुंबईकरांना पद्मिनी माहीत आहे ती काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषात. त्यांतली शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली आणि वर्तमानपत्रांनी तिचे मृत्युलेख छापले. आमची मात्र पांढरी. १९८६ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून ती आणली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. ती अंगणात आली त्या दिवशी आईने तिला ओवाळले आणि आजीने 'हिका खावक काय घालूचा?' म्हणून विचारले, हे मला स्पष्ट आठवते.

अण्णा डॉक्टर. मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या वाटेवर आमचे घर. त्या काळी रात्री-अपरात्री रोगी हलवायचा म्हणजे डॉक्टरांची गाडी, दुसरे साधन नाही. कुडाळ, कणकवली, कधी थेट पणजी. त्या गाडीच्या मागच्या बाकावर तीन बाळंतपणे झाली आहेत. अण्णांनी ऐंशीच्या घरात आल्यावर चालवणे सोडले. पण दर शनिवारी तिच्या बंपरांना खोबरेल चोळण्याचे सोडले नाही. खाऱ्या हवेत लोखंड टिकवायचे तर हा एक उपाय, असे त्यांचे मत. शास्त्राला ते कितपत मान्य होईल मला ठाऊक नाही. पण आमच्या गावात त्यानंतर आलेल्या किती तरी गाड्या गंजून भंगारात गेल्या आणि पद्मिनीचे बंपर अजून आरशासारखे आहेत.

तुम्ही म्हणाल, वादळ येते आहे, माणसांचा जीव टांगणीला लागला आहे, आणि याला गाडीची काळजी! खरे आहे. पण संकटाच्या वेळी माणूस काय वाचवायला धावतो, ते त्याच्या हातात थोडेच असते? आमची शेजारीण अशा वेळी तुळशीची कुंडी आत आणते. माझा एक सहकारी २०१९ च्या ऐन दिवाळीत 'क्यार' वादळाने समुद्र गावात शिरू लागला, तेव्हा प्रबंधाचे बाड डोक्यावर घेऊन उभा होता. तो प्रबंध अजून पुरा व्हायचा आहे.

शिवाय पद्मिनीची काही दुखणी तिच्या घडणीतच आहेत. तिला निराळा सांगाडा नाही; पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. बूड गंजले की केवळ रूप जात नाही, कणाच जातो. म्हणून समुद्राचे पाणी तिला विषासारखे. नव्या गाड्यांनाही ते मानवत नाही म्हणा. २०१२ साली अमेरिकेत 'सँडी' वादळाचे पाणी न्यूअर्कच्या बंदरात शिरले आणि तिथे उभ्या असलेल्या फिस्कर कंपनीच्या सोळा कोऱ्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या चक्क पेटून खाक झाल्या. पाण्यात बुडून आग लागावी, हे आमच्या विरोधाभास अलंकाराला छान उदाहरण आहे. पण ते गाडीच्या मालकापुढे देऊ नये.

तर १५ तारखेला, शनिवारी सकाळी, गाडी ठेवायची कुठे या प्रश्नाला मी हात घातला. फ्लोरिडातल्या मावसभावाचा फोन आला. तिकडे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचाच हंगाम, त्यामुळे तो या विषयातला अधिकारी पुरुष. म्हणाला, "पेट्रोलची टाकी भरून घे, विम्यासाठी फोटो काढून ठेव आणि गाडी सरळ एखाद्या बहुमजली पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन लाव." मी खिडकीतून बाहेर पाहिले. आमच्या वाडीत तीन मजले गाठायचे तर माडावर चढावे लागते. विमाही थर्ड पार्टीचा. म्हणजे वादळाने आमची गाडी दुसऱ्याच्या अंगावर टाकली तर त्याला काही मिळेल, आम्हाला राम राम. टाकी मात्र मी भरून आणली. त्या दिवसांत टाळेबंदी होती. नाक्यावरच्या पोलिसाने गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता हात हलवून जाऊ दिले. एवढ्या जुन्या गाडीतून कोणी मजेखातर बाहेर पडत नाही, अशी त्याची खात्री पटली असावी.

रोजची शेड पत्र्याची, आणि तिच्यावर वाकलेले चार माड. वादळात पत्रा हा कोयता होतो आणि नारळ हा तोफेचा गोळा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो; ही भूमिती माडांनी शिकलेली नसली तरी ते तिची प्रात्यक्षिके देतात. आंब्याखाली, फणसाखाली तर नाहीच नाही. चिऱ्याच्या सुट्या गडग्याशेजारीही नाही, तो कोसळतो. सड्यावर न्यावी तर तिथे झाड नाही, पण आडोसाही नाही. हिंडता हिंडता मला एक जागा सुचली : सड्यावरची बंद पडलेली चिरेखाण. तिन्ही बाजूंना उभ्या कापलेल्या जांभ्याच्या भिंती, ट्रक उतरायला चौथ्या बाजूने उतार, वर मोकळे आकाश. पाणी साठले तर खालच्या टप्प्यात साठेल, गाडी वरच्या टप्प्यावर ठेवायची. देवाने वादळासाठीच खणून ठेवल्यासारखी जागा! मी आनंदाने घरी आलो आणि अण्णांना सांगितले.

अण्णा आरामखुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. त्यांनी तो बंद केला.

"खाणीत?" ते म्हणाले. "गाडी खाणीत ठेवन येतलंस? आणि राती कोणाक काय झाला तर?"

मी म्हटले, "अण्णा, आता एकशेआठची रुग्णवाहिका असते. लोकांकडे नव्या गाड्या आहेत."

"असतत. पण वादळात माणूस दार कोणाचा वाजवतलो?"

यावर मला उत्तर सुचेना. त्यांनी दवाखाना बंद करून नऊ वर्षे झाली होती. तरी दार कोणाचे वाजणार याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. मी थोडा चिडलो. गाडी वाचवायची म्हणजे तिला दूर, सुरक्षित जागी ठेवायची; आणि हाताशी ठेवायची म्हणजे वादळाच्या तोंडी द्यायची. दोन्ही एकदम कसे साधणार? "तुम्हाला गाडी हवी आहे की नको?" असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. "व्हयी. चालूक व्हयी," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा रेडिओ लावला.

वाद तसाच सोडून मी माणसे बोलवायला किनाऱ्यावर गेलो. तिथे कोणाला माझ्याकडे पाहायला फुरसत नव्हती. मासेमारी बंद होते ती १ जूनला. त्यामुळे होड्या अजून पाण्यातच होत्या, आणि आगोटीला पंधरा दिवसांत करायचे काम एका दिवसात उरकायचे होते. रापणीचे म्हातारे तांडेल कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हुकूम सोडत होते. मी त्यांना गाडीचे सांगितले.

"मास्तर," ते म्हणाले, "गाडयेक पाय फुटनत नाय. होडयेक फुटतत. आधी होडयो वयर काढूया, मगे तुमची गाडी. धरा दोरी."

मी दोरी धरली. पदव्युत्तर वर्गाला भाषाविज्ञान शिकवणाऱ्या हातांना काथ्याची ओली दोरी काय चीज आहे ते दहा मिनिटांत कळले. ओंडक्यांवरून एकेक होडी वर सरकत होती. पाणी अजून शांतच, पण त्याचा रंग बदलला होता आणि समोर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर लाट फुटण्याचा आवाज नेहमीपेक्षा जड येत होता. "अवसेक चार दिस झाले, ता बरा," तांडेल म्हणाले. "उधाणाची भरती आसती तर घरात पाणी इला असता." २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आले तेव्हा ते स्वतः समुद्रावर होते. त्याविषयी ते बोलत नाहीत.

चार वाजता ते आपल्या दोन पुतण्यांना घेऊन आमच्याकडे आले. मी त्यांना दोन्ही पक्ष सांगितले, खाणीचा आणि अण्णांचा. त्यांनी तोंडातले पान थुंकले आणि वाऱ्यावर जे व्याख्यान दिले, ते मी आमच्या भूगोलाच्या प्राध्यापकांकडूनही ऐकले नव्हते. वादळ आपल्याकडे येत नाही, आपल्या अंगावरून उत्तरेला जाते आहे. म्हणून वारा एकाच दिशेने येणार नाही. आधी तो येईल जमिनीकडून, मतलईसारखा पूर्वेकडून. लोक म्हणतील, समुद्राकडून तर काहीच नाही! मग तो दक्षिणेला फिरेल, आणि तो खरा. वादळ पुढे गेले की सगळ्यांत शेवटी समुद्राकडून येईल. "पण तो दमलेलो आसता," तांडेल म्हणाले. "पूर्व आणि दक्षिण सांभाळा. दाक्तरांच्या दवाखान्याक काय झाला?"

आम्ही बापलेक दोघेही त्या जागेकडे रोज पाहत होतो आणि दोघांनाही ती दिसली नव्हती. अण्णांचा जुना दवाखाना समुद्रापासून फर्लांगभर आत, रस्त्याला लागून आहे. काटकोनात बांधलेली इमारत : एक अंग पूर्वेला, एक दक्षिणेला. छपराला कौले नाहीत, म्हणजे उडून गाडीवर पडायला काही नाही. १९७८ साली अण्णांनी स्लॅब घातला होता, तेव्हा लोक त्यांना हसले होते. आजूबाजूला झाड नाही. गाडी त्या काटकोनाच्या कुशीत उभी केली, तोंड रस्त्याकडे. चाकांना पुढे-मागे चिरे लावले. कुडाळच्या मेस्त्रींनी फोनवरून सांगितले त्याप्रमाणे डिस्ट्रिब्युटरचे झाकण प्लास्टिकने बांधले, सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. "बोळो काढल्याशिवाय स्टार्टर मारू नकात," असे मेस्त्रींनी तीनदा बजावले. बाजारात मिळते तसले कापडी आवरण मी आणले होते. तांडेलांनी ते बाजूला टाकले. सैल कापड वाऱ्याने फडफडते, त्याखाली वाळू शिरते, आणि मग रात्रभर पॉलिशपेपर मारल्यासारखा रंग निघतो. त्यांनी गाडीवर आधी दोन जुन्या गोधड्या, वर ताडपत्री आणि सगळ्यावर रापणीच्या जाळ्याचा एक जुना तुकडा टाकला. जाळ्यातून वारा जातो, पण खालचे काही सुटत नाही. कडा जमिनीत ठोकलेल्या पहारींना बांधल्या. शेवटची गाठ त्यांनी मला दाखवली : सुरगाठ. एक टोक ओढले की सगळे मोकळे.

"दाक्तरांका सांगा," ते म्हणाले, "एका मिनिटात सुटता."

अण्णा काठी टेकत फर्लांगभर चालत आले, त्यांनी स्वतः ते टोक ओढून पाहिले, गाठ पुन्हा बांधायला लावली आणि परत गेले.

वादळाचे वर्णन मी करत नाही. त्या रात्री आणि रविवारी दिवसभर ते कोकणातल्या प्रत्येकाने अनुभवले आहे आणि ज्याचे त्याचे वर्णन निराळे आहे. रविवारी पहाटे वादळाचा मध्य गोव्याच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर होता, म्हणजे आम्ही त्याच्या काठावरच होतो. काठ असा तर मध्य कसा असेल, या विचाराने पोटात गोळा येई. वारा तांडेलांनी सांगितले त्या क्रमाने फिरला, याचे मात्र मला अजून नवल वाटते. वीज गेली, फोन गेले. शेडवरचे चारांपैकी दोन माड शेडवरच आडवे झाले. पलीकडच्या वाडीत बहरात आलेली कलमे मुळासकट उलटली. ती लावणाऱ्या म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन नुसते खोडाला हात लावले. देवगडला आनंदवाडीच्या बंदरात नौका बुडाल्या आणि माणसे गेली. पुढे हेच वादळ मुंबईच्या समोरून गेले तेव्हा पी-३०५ हा बार्ज २६१ माणसांनिशी संकटात सापडला आणि बुडाला. मग १७ तारखेच्या रात्री ते गुजरातेत उन्याजवळ जमिनीवर चढले.

रविवारी रात्री आठाच्या सुमाराला आमचे दार वाजले. वारा तेव्हा समुद्राकडून येत होता. दमलेला असेल, पण मला तरी दमलेला वाटला नाही. दारात तांडेलांचा धाकटा पुतण्या, दोघांनी धरलेला. उडत्या पत्र्याने पोटरी कापली होती. बांधलेले धोतर रक्ताने भिजून काळे दिसत होते.

अण्णा उठले. "दवाखान्यात घेवा," एवढेच म्हणाले.

नऊ वर्षे बंद असलेला दवाखाना, वीज नाही, माझ्या हातातली बॅटरी मिणमिणती. अण्णांनी एकदा खोलीकडे पाहिले आणि मला म्हणाले, "गाडी फिरव." मी धावलो. टोक ओढले; जाळे, ताडपत्री, गोधड्या एकदम खाली. चाकांचे चिरे लाथेने सारले. स्टार्टरला हात घालणार तोच मेस्त्रींचा आवाज कानात आला. मागे जाऊन बोळा उपटला. चोक ओढला. पहिल्यांदा नुसती खरखर. दुसऱ्यांदा एक ठसका. तिसऱ्यांदा ती धरली. पडलेल्या झावळ्यांवरून गाडी वळवून मी तिचे तोंड दवाखान्याच्या दाराला लावले आणि दोन्ही दिवे सोडले. खोली लख्ख झाली. इतकी, की भिंतीवरचा नऊ वर्षांपूर्वीचा कॅलेंडरचा कागद वाचता येत होता.

अण्णांनी जखम उघडून पाहिली. टाके घालायला हवे होते. त्यांनी आपले हात दिव्यासमोर धरले, बोटे थरथरत होती. आणि हात खाली घेतले. "माझ्यान होवचा नाय," ते अगदी साधेपणाने म्हणाले. मग माझ्या पत्नीला जवळ बसवून त्यांनी एकेक गोष्ट सांगितली : पाणी किती उकळायचे, धुवायचे कसे, कुठे दाबायचे, पट्टी कुठून कुठे न्यायची. तिने आयुष्यात कधी असले काम केले नव्हते. तासभर पद्मिनी बाहेर गुरगुरत उभी होती आणि दिव्यांच्या झोतातून पाऊस आडवा जाताना दिसत होता. रक्त थांबले. त्या रात्री त्याला कुठे नेता आलेच नसते. रस्त्यावर ठिकठिकाणी झाडे आडवी झाली होती. सकाळी वाडीतल्या माणसांनी कोयते आणि करवती घेऊन वाट केली तेव्हा त्याला मागच्या बाकावर आडवे घालून मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात नेले, टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. अण्णा हट्टाने पुढच्या सीटवर बसून आले.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे, पण तेच महत्त्वाचे. वादळाच्या वाऱ्यात मीठ असते. आठ दिवसांत आमच्याकडच्या झाडांची समुद्राकडची पाने भाजल्यासारखी तपकिरी झाली, एवढे ते मीठ. पंपाला वीज नव्हती, म्हणून रहाटाने पाणी काढून आम्ही गाडी खालून-वरून धुतली. मुलगी घागरी मोजत होती. चाळिसाव्या घागरीला अण्णांनी 'पुरे' म्हटले. वीज यायला आमच्याकडे अकरा दिवस लागले. फोनची रेंज त्याआधी आली, आणि मग साऱ्या वाडीचे फोन पद्मिनीच्या बॅटरीला वायरी जोडून आळीपाळीने भरू लागले. खालच्या अंगणात रांग लागे. मुंबईला, पुण्याला, आखातात असलेल्या मुलांना 'आम्ही बरे आहोत' असे सांगायचे असे.

पुढे एके दिवशी तांडेल आले. मला वाटले, गाडी पाहायला आले.

"मास्तर, माझा जाळा खंय आसा?" ते म्हणाले.

मी ते घडी करून ठेवले होते. त्यांनी ते उलगडले, बॉनेटवर पसरले आणि एकेक डोळा बोटांनी तपासत गेले. अंधारात ओढताना ते वायपरला अडकून तीन-चार ठिकाणी फाटले होते. त्यांनी कमरेची सुई आणि सुताची गुंडी काढली, चष्मा नाकावर सरकवला आणि तिथेच विणायला बसले. अण्णांनी आतून खोबरेलची वाटी आणली आणि पलीकडच्या बाजूने बंपर चोळायला घेतला. शनिवार होता.